वस्त्राची गाठ

१६७२च्या आरंभी आपल्या बागलाणात, साल्हेरच्या पायथ्याशी, मराठ्यांची आणि मोगलांची मोठी लढाई झाली. सूर्यराव काकडे तीत कामास आले. त्याच साली इंग्लंडच्या राजाने सर जॉन फिंच यांना तुर्कांच्या दरबारी वकील नेमले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. काळ डोळ्यांपुढे यावा एवढ्यासाठीच सांगितल्या. आणि आज आम्हांस सांगावयाचे आहे ते वकिलातीविषयी नव्हे. फिंचबरोबर गेलेल्या टॉमस बेन्स याच्याविषयी.

दोघांची गाठ केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात पडली. हेन्री मोर हा तत्त्वज्ञ दोघांचा स्नेही. पुढे दोघे इटलीत पाडुआस जाऊन वैद्यकी शिकले. फिंच पिसा येथे शारीरशास्त्र शिकवू लागला. बेन्सला लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात संगीताचे अध्यापकपद मिळाले. वैद्याला संगीताची गादी! त्या काळी असेही चाले. फिंचचे वडील पार्लमेंटाचे सभापती होते, भाऊ लॉर्ड चॅन्सेलर झाला. बेन्सच्या पाठीशी असे घराणे नव्हते. पण जेथे फिंच, तेथे बेन्स, असा छत्तीस वर्षांचा क्रम राहिला.

सप्टेंबर १६८१मध्ये बेन्स इस्तंबूललाच वारला. फिंचने शव मसाले घालून टिकविले आणि जलमार्गाने एवढ्या लांब स्वदेशी आणले. कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात त्याचे दफन झाले. नोव्हेंबर १६८२मध्ये फिंचही गेला आणि स्वतःच्या इच्छेप्रमाणे मित्राशेजारी निजला. दोघांनी मिळून कॉलेजला चार हजार पौंड ठेवले होते. त्यांतून दोन फेलोशिपा आणि दोन शिष्यवृत्त्या निघाल्या.

स्मारकावरचा लॅटिन लेख मोरने रचला. दोघांच्या मुखाकृती शेजारी शेजारी आहेत, दोन्ही सारख्याच मापाच्या; वकील थोर आणि सोबती धाकटा असा भेद शिल्पकाराने केलेला नाही. त्या दोहोंना जोडणारे एक गाठ मारलेले वस्त्र दगडात कोरले आहे. आपल्याकडे उपरण्याला शालूची गाठ कोठे बांधतात हे सांगावयास नको. अ‍ॅलन ब्रे या इतिहासकाराच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने अशा समाध्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इस्तंबूललाच १३९१ साली वारलेल्या नेव्हिल आणि क्लॅनव्हो या दोन सरदारांची एकच शिळा आहे, तिचीही कथा त्यात येते. या नात्याला आजचे कोणते नाव द्यावे यावर अभ्यासकांत वाद आहे. आम्हांस त्या वादाचा उरक नाही. एवढे मात्र दिसते की, नात्याचा ना गोत्याचा अशा माणसासाठी शोक करण्याचा हक्क त्या समाजाने देवघरात, सर्वांदेखत, मान्य केला.

आपल्या महालयातल्या पितरांच्या यादीत अगदी शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त येतात. मित्राला त्या आप्तांतच कोठे तरी बसवावे लागते. चिरा मात्र त्याच्या वाट्याला येत नाही. डेक्कन कॉलेजात टिळक-आगरकरांची मैत्री जुळली, १८८२ साली दोघांनी डोंगरीचा तुरुंग सोबतीने भोगला, आणि पुढे वाटा फुटल्या त्या १८९५मध्ये आगरकर जाईपर्यंत जुळल्या नाहीत. दोघांची स्मारके निरनिराळी झाली. त्या तुरुंगवासावर आगरकरांनी जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावात मात्र ‘आमचे’ असा शब्द आहे.