केडगांव, नगर आणि बालकांचें इंग्रजी शिक्षण

नगर शहराच्या नैर्ऋत्येस, पुण्याच्या हमरस्त्यावर केडगांव आहे. पूर्वींचें हें स्वतंत्र खेडें आज शहराच्या हद्दींत आलें असून त्या शहराचें अहमदनगर हें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. पुणें जिल्ह्यांतील दौंड तालुक्यांतही एक केडगांव आहे. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तें. एखाद्या जुन्या शाळकरी वहीवर नुसतें 'केडगांव' एवढेंच लिहिलेलें असल्यास ती कोणत्या केडगांवची, हें ठरविल्यावांचून संग्राहकांनीं तिची नोंद करूं नये. येथें आम्हांस नगरजवळील केडगांव व त्याभोंवतालचा प्रांत अभिप्रेत आहे.

लहान मुलांस इंग्रजी केव्हां व कशी शिकवावी, या प्रश्नाचा इतिहास लिहितांना दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. इंग्रजी हें शिक्षणाचें माध्यम असावें कीं काय, हा एक प्रश्न. आणि मराठींतून शिकणाऱ्या मुलास इंग्रजी हा विषय कोणत्या वयापासून द्यावा, हा दुसरा. सरकारी दप्तरें पहिल्याविषयीं भरभरून बोलतात. दुसऱ्याविषयीं, विशेषतः वर्गांत प्रत्यक्ष काय घडे याविषयीं, तीं बहुधा मुकीं आहेत.

पहिल्या प्रश्नाचा मोठा वाद मुंबईच्या शिक्षणमंडळांत १८४७ च्या सुमारास झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या पक्षाचे होते. कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांनीं देशी भाषांची बाजू धरिली. याच सुमारास नगरास अमेरिकन मिशनचें शिक्षणकार्य चालूं होतें. मिस सिंथिया फॅरार १८३९ मध्यें मुंबईहून नगरास आल्या आणि १८६२ मध्यें तेथेंच निवर्तल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली, हें वाचकांस विदित आहेच.

पुढें १८५४ हें साल दोन कारणांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जुलैंत वुडचा खलिता निघाला. त्यांत उच्च शिक्षणासाठीं इंग्रजी आणि सामान्य जनतेसाठीं देशी भाषा, अशी वांटणी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीकरितां पश्चिम हिंदुस्थानांत आले. मिशनच्या शाळांनीं इंग्रजीऐवजीं स्वभाषेवर भर द्यावा, असें त्यांचें मत होतें. म्हणजे सरकार व मिशन हे दोघेही, आपापल्या हेतूंनीं कां होईना, सामान्य मुलाचा पहिला धडा मराठींत असावा या निर्णयावर आले.

फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांतील प्राथमिक शाळेचे विषय पाहण्यासारखे आहेत : मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचें सामान्य ज्ञान आणि शेतीचीं मूलतत्त्वें. या यादींत इंग्रजी नाहीं. स्वतः इंग्रजी शिकलेल्या व तिचें महत्त्व जाणणाऱ्या पुरुषानें केलेली ही यादी आहे, हें विसरतां कामा नये.

विसाव्या शतकांत लंबक दोन्हीं बाजूंस गेला. खेर मंत्रिमंडळाच्या काळांत (१९४६-१९५२) पांचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवण्यांत आली. पुढें ती पांचवीस परत आली. आणि २००० सालापासून महाराष्ट्रांतील सर्व शाळांत पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली. अर्ध्या शतकांत आरंभाचें वय तेरा वर्षांवरून सहांवर आलें.

येथवरचा इतिहास हुकुमांचा झाला. परंतु सहा वर्षांच्या मुलास परकी भाषा कशी आली, हें हुकुमांत सांपडत नाहीं. तें सांपडतें कित्त्यांत, तर्जुम्याच्या वह्यांत व वापरून जीर्ण झालेल्या पाठमालांत. मराठींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, इंग्रजींत कर्त्यामागून लगेच. मराठींत उपपद नाहीं, इंग्रजींत त्यावांचून चालत नाहीं. मुलाच्या वाक्यांत या दोन भाषांची ओढाताण स्पष्ट उमटते. इंग्रजी शब्दांवर बाळबोधांत लिहिलेले उच्चार तर विशेष मोलाचे. कारण गुरुजी तो शब्द कसा उच्चारीत, याचा तोच एक लेखी पुरावा होय.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना आहे. अशी वही हातीं आल्यास गांव, तालुका, शाळा, इयत्ता व साल यांची नोंद करावी. समासांतील उच्चार, अर्थ व गुरुजींच्या दुरुस्त्या पुसूं नयेत. एका मुलाच्या वह्या एकमेकींपासून तोडूं नयेत. निर्दोष पानापेक्षां चुकांचें पान अधिक जपावें. बखरी व सनदा जपणारे पुष्कळ आहेत. या वह्या मात्र वर्षअखेरीस रद्दींत जातात. २००० नंतर पहिलींत इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या वह्याही त्याच वाटेस लागल्या आहेत. केडगांवच्या ज्या घरांत त्या अद्याप माळ्यावर असतील, तेथील मंडळींनीं त्या रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार उघडून पाहाव्या, एवढीच आमची विनंति आहे.