धनी आणि त्याचा तोतया

पानिपतच्या रणावरून सदाशिवरावभाऊ परत आले नाहीत. परंतु त्यांचे नाव सांगणारा एक इसम पुढे आला, आणि १७७६ साली पुण्यास त्याला देहान्त शासन होईपर्यंत केवळ त्या नावाच्या बळावर त्याने माणसे जमविली व कोकणातले किल्ले घेतले. तोतया म्हटले की मराठी वाचकास हे प्रकरण आठवावे हे साहजिकच आहे. परंतु राज्यावर हक्क सांगणारा तोतया शतकातून एखादा. दुसऱ्याच्या पैशावर हक्क सांगणारा मात्र पेढी तेथे आहेच, आणि हल्ली तर निवृत्तिवेतनावर दिवस काढणाऱ्या वृद्धांची आयुष्यभराची पुंजी एका दुपारी नाहीशी झाल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत नित्य येतात. अशा वेळी सावध कसे राहावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस त्याहून जुना एक प्रश्न येथे विचारावयाचा आहे: चोराने आमचे नाव चोरून पैसा नेला, तर तो पैसा आमचा गेला की पेढीचा?

आमच्या इकडील सावकारांनी या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केला होता, आणि त्याची साक्ष हुंडी देते. पुण्याहून काशीस जाणारा यात्रेकरू कमरेला रुपये बांधून निघत नसे. येथील पेढीवर भरणा करी, हुंडणावळ देई, आणि तेथील आडत्यावर हुंडी घेऊन जाई. वाटेत हुंडी चोरीस जाणे, तिच्यातील आकडा फिरविणे, आणि भलत्यानेच ती वटविणे हे तिन्ही धोके उघड होते, व तिन्हींवर उपाय होते. आकड्याचा उपाय तर इतका साधा की त्याचे कौतुक वाटते. हजार रुपयांची हुंडी असली तर तीत नुसता हजार लिहून भागत नसे. हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार, असा तो फिरवून फिरवून लिहीत. कोठे कोठे निम्याचेही निमे करून त्याची चौपट मांडीत. एका ठिकाणी खाडाखोड करणाऱ्यास मग चार ठिकाणी ती करावी लागे, आणि अंकगणितही चुकवून चालत नसे! राजपत्रांतही हीच दृष्टी दिसते. मजकूर संपे तेथेच लहान मोर्तब उठवीत, म्हणजे त्यापुढे कोणी एखादे अक्षर वाढविले तर ते तत्काळ उघडे पडे. हुंडी हरवली तर तिच्या बदली पैठ मिळे, पैठही हरवली तर परपैठ. आणि ज्या पेढीवर हुंडी केली तिला त्या हुंडीची हकीकत वेगळ्या पत्राने आधी कळविलेली असे.

परंतु खरा उपाय कागदात नव्हता, माणसात होता. धनीजोग हुंडीचा पैसा धन्यास, नामजोग हुंडीचा तीत नाव असलेल्यास मिळे. शहाजोग हुंडीचा पैसा मात्र बाजारात पत असलेल्या शहासच देता येई. कोणी अनोळखी मनुष्य ती घेऊन पेढीवर आला तर त्याला रिक्त हस्ते परतावे लागे; त्याने आधी एखादा शहा गाठावा, आणि त्या शहाने आपल्या नावावर ती हुंडी वटवावी. पुढे ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसा घेणाऱ्या शहाने तो व्याजासह परत करावा, असा व्यापाऱ्यांचा रिवाज होता. म्हणजे तोतयास ओळखण्याची जबाबदारी ज्याला बाजार ठाऊक आहे त्याच्यावर टाकलेली होती. काशीच्या वाटेवरील यात्रेकरूवर ती नव्हती. १८८१ साली हिंदुस्थान सरकारने पराक्राम्य संलेखांचा कायदा केला तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या या चालीरीतींना त्याच्या पहिल्याच कलमात अभय दिले, ते उगाच नव्हे.

इंग्लंडात हाच प्रश्न फासाच्या दोरापर्यंत गेला. लंडनच्या बर्नर्स स्ट्रीटवरील एका पेढीचा चालक हेन्री फाँटलरॉय हा मोठा प्रतिष्ठित गृहस्थ समजला जाई. त्याच्या गिऱ्हाइकांचे सरकारी रोखे बँक ऑफ इंग्लंडच्या वह्यांत त्यांच्या त्यांच्या नावावर होते. फाँटलरॉयने त्यांच्या सह्यांची खोटी मुखत्यारपत्रे करून ते रोखे विकले, आणि व्याजाचा दिवस आला की ज्याचे त्याला व्याज बिनचूक पोचते केले! गिऱ्हाइकास शंका यावी कशी? ज्याचे व्याज वेळेवर येते त्याने मुद्दल जाग्यावर आहे की नाही हे पाहावयास जाणे मनुष्यस्वभावास धरून नाही. १८२४ च्या सप्टेंबरात तो पकडला गेला, तेव्हा त्याच्या एका पेटीत त्याच्याच हातची यादी सापडली. कोणाकोणाच्या नावे खोट्या सह्या केल्या हे तीत नमूद होते, आणि बँक ऑफ इंग्लंडने आमच्या पेढीची पत खाली आणली, तिला याचे शासन भोगावे लागेल, अशा आशयाचा मजकूरही होता. इतका व्यवस्थित लबाड आमच्या वाचनात दुसरा नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला त्यास फाशी दिले. बँकेस अडीच लाख पौंडांहून अधिक खोट आली. कारण खोट्या सहीने खऱ्या धन्याचा हक्क जात नाही, हे तत्त्व तिला मान्य करावे लागले.

हे तत्त्व पुढे आमच्याही न्यायालयांनी उचलले. खातेदाराची बनावट सही असलेला धनादेश हा त्याचा हुकूमच नव्हे. बँकेने तो वटविला तर स्वतःच्या पैशाने वटविला असे समजावयाचे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या कॅनरा बँकेच्या खटल्यात एका कंपनीच्या हिशेबनिसानेच बेचाळीस धनादेशांवर खोट्या सह्या केल्या होत्या. कंपनीने आपले खाते वेळच्या वेळी तपासले नाही, असे बँकेचे म्हणणे पडले. न्यायालयाने ते ऐकले नाही, आणि पैसा बँकेस भरून द्यावा लागला.

सही खोटी करता येते म्हणून अंगठा आला. बंगाल्यात जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने १८५८ साली राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या सबंध पंजाचा ठसा करारपत्राच्या पाठीवर घेतला. हेतू एवढाच की पुढे त्याने ही सही माझी नव्हे म्हणू नये. १८७७ साली हुगळीस असताना हर्शेलने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घेण्यास आरंभ केला. मेलेल्याच्या नावाने जिवंत मनुष्य पैसे घेऊन जाई, ते थांबविणे जरूर होते. अंगठेबहाद्दर म्हणून ज्यांना आम्ही हसलो त्यांची निशाणी सुशिक्षितांच्या सहीहून भरवशाची ठरली, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. पण त्या विनोदासही उत्तर निघाले. आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांवर खेड्यापाड्यांत पैसे देण्याची सोय झाल्यावर, खरेदीखतांच्या ज्या नकला सरकारी संकेतस्थळांवर पाहावयास मिळत त्यांवरून अंगठे उतरवून, त्यांचे रबरी साचे करून पैसे काढणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. सही बदलता येते, परवलीचा शब्द बदलता येतो. अंगठा कोठून बदलावा? आधारच्या प्राधिकरणाने ठशांस कुलूप घालण्याची सोय ठेविली आहे, ती पुष्कळांस ठाऊक नसते.

तरी या सर्वांत तोतयाने कागदाला किंवा यंत्राला फसविले. धन्याच्याच हातून पैसा काढून घेण्याची विद्या निराळी. २४ मे १९७१ रोजी दिल्लीच्या पार्लमेंट स्ट्रीटवरील स्टेट बँकेत मुख्य रोखपाल वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. आधी पंतप्रधानांच्या सचिवाचा आवाज, मग खुद्द इंदिरा गांधींचा. बांगलादेशाच्या गुप्त कामासाठी साठ लाख रुपये हवेत. अमुक ठिकाणी माणूस भेटेल, तो खुणेचा शब्द सांगेल, पावती मागाहून मिळेल. मल्होत्रांनी पैसे गाडीत घातले, नेले आणि देऊन टाकले. पावती आणावयास पंतप्रधानांकडे गेले तेव्हा कळले की असा हुकूम कोणी दिलाच नव्हता. रुस्तुम सोहराब नगरवाला हा माजी सेनाधिकारी त्याच दिवशी पकडला गेला, बहुतेक रक्कमही मिळाली. त्याला शिक्षा झाली आणि १९७२ च्या मार्चात तो कैदेत असतानाच वारला. या प्रकरणाविषयी जे तर्क लढविले गेले त्यांत आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष त्या रोखपालाकडे आहे. घाई, गुप्तता आणि मोठ्या नावाचा दरारा या तीन गोष्टींपुढे बँकेत मुरलेला मनुष्यही विचारावयाचे विसरला. आज पोलिसाच्या किंवा बँकेच्या नावाने जो दूरध्वनी येतो त्यात याच तीन गोष्टी असतात, आणि ज्याच्याकडे तो येतो त्याच्या हाताखाली हिशेब पाहणारा दुसरा कारकूनही नसतो.

आणि येथेच आमचा मूळचा प्रश्न उलटा फिरला. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरविले, आणि सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरात तसेच ठरविले, की चूक बँकेची असेल तर खातेदारास तोशीस नाही. दोष दोघांचाही नसून तिऱ्हाइताने पैसा नेला असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्यासही नाही. चार ते सात दिवस लागले तर काही मर्यादेपर्यंत त्याने सोसावे. चूक खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेविला, हे चांगले केले. परंतु परवलीचा अंक ज्याने स्वतःच्या तोंडाने तोतयास सांगितला त्याने बँकेस कळवीपर्यंतचा सर्व तोटा त्याचाच. कळविल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचे. शहाजोग हुंडीच्या काळी जो भार बाजार ओळखणाऱ्या शहाच्या शिरावर होता तो असा सत्तर वर्षांच्या आजीबाईंच्या शिरावर येऊन बसला आहे, आणि आम्हांस हे न्यायाचे वाटत नाही.

तूर्त नियम आहे तो असा आहे. तेव्हा पैसा गेल्याचे कळताच लाजून घरात बसू नये; बँकेस कळवावे, त्याचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि १९३० या सरकारी दूरध्वनीवरही सांगावे. ते तीन दिवस मोजताना सूचना आली तो दिवस धरावयाचा नाही, आणि आपल्या शाखेच्या सुटीचा दिवसही धरावयाचा नाही.