तळटीप ७ : क्वांटम थेंब

७. क्वांटम थेंब : भांड्याशिवाय, केवळ आपल्याच बळावर एकत्र राहणारा अतिशीत अणूंचा द्रवरूप गोळा. कर्जत-खालापूरच्या पावसात अळूच्या पानावर टपोरा थेंब घरंगळतो, फुटत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. क्वांटम थेंबातली पकड मात्र निराळी आहे. असा थेंब अणूंच्या मिश्रणातून घडू शकतो; त्यात दोन प्रकारचे अणू असतात, किंवा एकाच मूलद्रव्याच्या दोन अवस्था. सजातीय अणू एकमेकांना दूर लोटतात, विजातीय ओढतात. ओढ किंचित वरचढ ठरली की सारा पुंजका कोसळायला हवा. पण क्वांटम चढउतारांतून उपजणारे अपकर्षण घनतेबरोबर झपाट्याने वाढते आणि कोसळणे थोपवते. या अपकर्षणाचे गणित ली, हुआंग व यांग यांनी १९५७ मध्ये मांडले. त्यावरून मिश्रणात थेंब तयार होतील, हे दिमित्री पेत्रोव्ह यांनी २०१५ मध्ये दाखवले. २०१८ मध्ये बार्सिलोना आणि फ्लोरेन्स येथील गटांनी पोटॅशियम-३९च्या दोन अवस्थांतून ते मिळवल्याचे प्रसिद्ध केले. (डिस्प्रोशियमचे थेंब श्टुटगार्टला २०१६ मध्येच मिळाले होते, पण ते चुंबकीय अणूंचे; मिश्रण नव्हे.) ‘द्रव’ हा शब्द इथे जपून घ्यावा: हा थेंब आपल्या श्वासातल्या हवेपेक्षाही हजारो पटींनी विरळ असतो. अणूंची संख्या ठरावीक मर्यादेखाली गेली की तो पुन्हा वायू होतो. पोटॅशियमचा थेंब जेमतेम काही मिलिसेकंद टिकतो. तीन अणू एकत्र आदळले की दोघांची जोडी जुळते आणि तिघेही निसटतात.