भिवंडीच्या पायाखालचा लाव्हा

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि महामार्गालगतच्या गोदामांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. या गावाचा ज्वालामुखीशी काही संबंध असेल, ही कल्पना सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात मात्र भिवंडीतील घर, रस्ता, विहीर आणि भातखाचर हे सारे एका प्रचंड उद्रेकाच्या अवशेषावर उभे आहे. तालुक्यातील टेकड्यांचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच होय.

शंकूविना ज्वालामुखी

ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा, माथ्यातून आग ओकणारा पर्वत, असे चित्र आपण शाळेपासून पाहत आलो आहोत. महाराष्ट्राची भूमी घडविणारे उद्रेक बहुतांशी तसे नव्हते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अकराशे-बाराशे अंश सेल्सियस तापमानाचा पातळ लाव्हा बाहेर पडून दूरवर पसरत गेला. एक थर थिजला की काही काळाने त्यावर दुसरा, असे हे चक्र चालले. त्याचा मुख्य भर साधारण १० लाख वर्षांच्या आत आटोपला. भूशास्त्रात हा अल्पकाळच मानला जातो.

या थरांना ‘दक्षिण ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कसारा किंवा माळशेज घाटातून जाताना कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या पाहिल्या, की हे नाव किती समर्पक आहे ते पटते. दोन थरांमध्ये मधूनच लाल मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या दरम्यान गेलेल्या शांततेच्या काळाची ती खूण आहे.

आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला असून महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग त्याने व्यापला आहे. पश्चिम घाटात त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. भूशास्त्रज्ञांनी या थरांना आपल्याच गावांची नावे दिली आहेत. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावे आज जगभरच्या संशोधनपत्रिकांत वाचावयास मिळतात.

ठाणे जिल्ह्यात लाव्हा वर येण्याच्या या वाटाही पाहता येतात. भेगेत अडकून थिजलेल्या शिलारसाची जी उभी भिंत तयार होते, तिला ‘भित्ती’ म्हणतात. भोवतालचा खडक झिजला की ती धारेसारखी उघडी पडते.

वज्रेश्वरीचे गरम पाणी

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने हे पाणी तापले, अशी लोकश्रद्धा आहे. १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी देवीचे मंदिर बांधविले. किल्ल्यासारखा तट असलेल्या या देवळात गेलेला भाविक कुंडात स्नान करूनच परततो.

पाणी गरम आहे म्हणजे खाली ज्वालामुखी धुमसत असला पाहिजे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. येथील लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली. जमिनीखाली जावे तसे दर किलोमीटरला तापमान सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकातील भेगांवाटे खोल उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. कोकणपट्टीत असे झरे जणू एका रांगेत आढळतात. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या खोल भेगांशी त्यांचा संबंध जोडला जातो.

भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये तो जागा झाला आणि पुढेही अधूनमधून त्याचे उद्रेक होत राहिले.

आईसलँडचा धडा

भेगेतून होणारा उद्रेक माणसाने अनुभवला तो आईसलँडमध्ये. जून १७८३ मध्ये तेथील लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग फुटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. माणसे मेली ती मुख्यतः लाव्हाने नव्हे, तर त्याबरोबर बाहेर पडलेल्या वायूंच्या परिणामांनी. कुरणे विषारी झाली, निम्म्याहून अधिक जनावरे दगावली आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली.

लाकीचा लाव्हा सुमारे १४ घनकिलोमीटर होता. दक्षिण ट्रॅपचा लाखो घनकिलोमीटरांत मोजावा लागतो. डायनोसॉर नष्ट झाले तो काळही हाच. मेक्सिकोत आदळलेला अशनी आणि आपल्याकडील उद्रेक यांपैकी कोणाचा वाटा किती, याबाबत शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत.

आगीचे दान

जिने जीवसृष्टी होरपळली, त्याच आगीने पुढे माणसाचा संसार उभा केला. देशावर या खडकाची झीज होऊन कापसाची काळी जमीन तयार झाली. काळ्या पाषाणात लेणी कोरली गेली. भिवंडीजवळच्या लोनाडचे प्राचीन बौद्ध लेणे त्यांपैकीच एक. किल्ल्यांचे तट, देवळे, घरातील जाते आणि पाटा-वरवंटा हे सारे याच दगडाचे. पाथरवटाच्या टाकीला तो सहजी दाद देत नाही. म्हणूनच टाकीचे घाव आणि देवपण यांची म्हण मराठीत रुजली.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा खडक कृपण आहे. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही ठाणे जिल्ह्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात विहिरी कोरड्या पडतात. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते साठते खडकाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या, ठिसूळ थरात. हा थर म्हणजेच आपला मुरूम.

उरतील किती टेकड्या?

नेमक्या याच मुरुमाला आणि त्याखालच्या दगडाला आज सर्वाधिक मागणी आहे. सखल जमिनीवर गोदाम उभारायचे तर भराव हवा, मुंबई परिसरातील इमारतींना आणि रस्त्यांना खडी हवी. नदीची वाळू दुर्मिळ झाल्यापासून दगड भरडून केलेल्या वाळूचाही वापर वाढला आहे. सुरुंगांचे हादरे, घरांच्या भिंतींना जाणारे तडे, भातावर बसणारी क्रशरची धूळ यांबद्दल खाणींजवळचे गावकरी तक्रार करतात, तेव्हा त्रास डोळ्यांना दिसतो. टेकडीवरचा मुरूम खरवडला जाताना तिच्या पायथ्याच्या विहिरीचा साठाही कमी होतो, हे मात्र उन्हाळा येईपर्यंत ध्यानात येत नाही.

दगड लागणारच; खाणी सरसकट बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा भरडून पुन्हा वापरणे, पाणलोटाच्या टेकड्या खाणकामातून वगळणे, संपलेल्या खाणींत पावसाचे पाणी साठविणे हे उपाय आवाक्यातले आहेत. जंगल तोडले तर ते पुन्हा लावता येते. टेकडीचे तसे नाही. ती घडविणारी भेग केव्हाच मिटली आहे आणि भिवंडीच्या भूमीवर लाव्हाचा नवा थर आता चढणार नाही.