उडालेल्या रंगांचा इतिहास



भोकरदनच्या माणसाला उत्खनन म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. केळना नदीच्या काठचे हे गाव म्हणजे जुने भोगवर्धन. १९७३ साली येथील टेकाड खणले गेले आणि सातवाहनकालीन वस्तीचे थर एकाखाली एक उघडे झाले. आज मी ज्या उत्खननाविषयी बोलणार आहे त्यात कुदळ-फावडे लागत नाही आणि मातीही निघत नाही. उकरायचे असतात ते रंग. चित्रपटांचे मूळ रंग. आणि हे काम करणाऱ्यांत सरकारी खात्यांपेक्षा घरी बसून, पदरमोड करून खपणारी हौशी मंडळीच अधिक आहेत. जुना रंगपट पहिल्या दिवशी पडद्यावर जसा दिसला तसाच आपल्या घरच्या पडद्यावर दिसावा, एवढाच त्यांचा हट्ट असतो.

हट्ट क्षुल्लक वाटेल. पण रंग उडतो कसा, हे पाहिले म्हणजे तसा वाटणार नाही.

आपल्याकडील रंगपटाची कथा एका अपयशापासून सुरू होते, आणि ते अपयश मराठी माणसाचे आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने 'सैरंध्री' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. याच वर्षी कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्यात बिऱ्हाड थाटले. चित्रपट रंगीत करायचा असा शांतारामांचा निश्चय होता, आणि रंगांची छपाई येथे होण्यासारखी नसल्यामुळे ते चित्रपट घेऊन थेट जर्मनीस गेले. त्या काळी बोटीने जायचे, परक्या भाषेत तंत्रज्ञांशी हुज्जत घालायची, आणि एवढे करून हाती काय आले, तर भडक, विसंवादी रंग! मनातली सैरंध्री पडद्यावर उतरली नाही. चित्रपट पडला आणि प्रभातने पुन्हा रंगाच्या वाटेला जाण्याचे नाव काढले नाही. तथापि त्याच प्रवासात पाहिलेले जर्मन तंत्र पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन'मध्ये काळ्यापांढऱ्या छायाप्रकाशात असे काही उतरले की, जर्मनीचा खर्च वाया गेला असे म्हणण्याची मला तरी छाती होत नाही.

चार वर्षांनी, १९३७ साली, अर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने 'किसान कन्या' रंगीत काढला, आणि त्याची छपाई याच देशात झाली. पद्धत होती सिनेकलर; म्हणजे दोनच रंगांची. एक तांबूस, दुसरा निळसर-हिरवा. या दोहोंच्या मिश्रणातून माणसाची कातडी बरी दिसते. पण शुद्ध पिवळा किंवा खरा जांभळा काही केल्या साधत नाही. म्हणजे 'किसान कन्या'चे मूळ रंग आज कोणी परत आणले, तर ते आपल्याला चुकीचेच वाटतील. तरीही मूळ ते तेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

त्यानंतर आले टेक्निकलर. त्याची कृती आपल्याकडच्या छिप्याला चटकन समजेल. कॅमेऱ्यात एका वेळी तीन काळ्यापांढऱ्या फिल्मी फिरत. एकीवर तांबडा, दुसरीवर हिरवा, तिसरीवर निळा उजेड नोंदला जाई. त्यांवरून जिलेटिनचे तीन ठसे काढीत आणि ते रंगात भिजवून कोऱ्या फिल्मीवर एकावर एक दाबीत. छापील साडीवर ठसा उठवतात तोच हा प्रकार, फक्त एका सेकंदाला चोवीस चित्रे! यातली मेख अशी की रंग बाहेरून आणून फिल्मीवर चढवलेला असे. म्हणून तो पक्का, टिकाऊ निवडता येई. टेक्निकलरची जुनी प्रत पन्नास-साठ वर्षांनीही लखलखीत दिसते ती यामुळे.

मेहबूब यांचा 'आन' (१९५२) लहान १६ मिलिमीटर फिल्मीवर घेऊन टेक्निकलरमध्ये मोठा केला गेला. 'मदर इंडिया' (१९५७) गेवाकलरवर चित्रित झाला आणि त्याच्या प्रती टेक्निकलरने छापल्या. शांतारामांनी बावीस वर्षांनी पुन्हा धाडस केले ते 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये, टेक्निकलरच्याच आधारे, आणि या खेपेस रंगाने दगा दिला नाही. पुढे 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) च्या चित्रीकरणात बैलाशी झुंज घेताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. पट्टीआडच्या अंधारात जे रंग आठवले त्यातून 'नवरंग' (१९५९) सुचला, असे त्यांनी त्या चित्रपटाच्या आरंभी स्वतःच सांगितले आहे. रंगासाठी जर्मनी गाठणाऱ्या माणसाला दृष्टी जाण्याच्या भयातून रंगांचे स्वप्न पडावे, हा योगायोग कादंबरीकारालाही सुचला नसता.

टेक्निकलर मात्र महाग. १९५० साली ईस्टमन कंपनीने एकाच फिल्मीवर तिन्ही रंगांचे थर असलेला स्वस्त पर्याय बाजारात आणला. बेल्जियमचे गेवाकलर, पूर्व जर्मनीचे ओर्वो, जपानचे फुजी ही सगळी त्याच जातीची भावंडे. फाटलेल्या जाहिरातींवर ही नावे वाचल्याचे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. यात रंग बाहेरून चढवीत नसत. धुलाईच्या वेळी रसायनांच्या क्रियेतून तो फिल्मीतच उपजे. आणि हा उपजलेला रंग अल्पायुषी निघाला. डबा अंधारात मिटून ठेवला तरी आतल्या आत क्षय चालूच. साधारणपणे आधी मोरपिशी-निळा थर विरतो, पिवळाही फिका पडतो आणि गुलाबी-तांबडा तेवढा मागे राहतो. म्हणून जुन्या रंगपटाच्या प्रतीत आभाळ गुलाबी, झाडे विटकरी आणि नायिका कावीळ उतरून गोवर उठल्यासारखी दिसते. १९८० साली मार्टिन स्कॉर्सेसी या अमेरिकन दिग्दर्शकाने याविरुद्ध चळवळ उभारली, तेव्हा कोठे कंपन्यांनी टिकाऊ फिल्म काढण्याचे मनावर घेतले. तोवर तीस वर्षांचे रंगपट या रोगाने पछाडले होते.

आता हौशी मंडळींकडे वळू. त्यांचे सर्वांत गाजलेले काम अमेरिकेच्या 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटावर झाले. त्याचा कर्ता जॉर्ज लुकास १९८८ साली अमेरिकन काँग्रेसपुढे उभा राहिला आणि जुन्या चित्रपटांत फेरफार करणे हा सांस्कृतिक वारशावरचा अत्याचार आहे, अशा आशयाची साक्ष देऊन आला. त्याच लुकासने १९९७ साली स्वतःचाच चित्रपट बदलला. नवी दृश्ये घातली, रंग फिरवले, आणि पुढे हेच मूळ समजा असा आग्रह धरला. २००६ मध्ये जुनी आवृत्ती डीव्हीडीवर दिली खरी. पण ती लेझरडिस्कसाठी पूर्वी केलेल्या चित्रावरून उचललेली. म्हणजे जेवायला बोलावून शिळे वाढले!

तेव्हा प्रेक्षक स्वतःच कामाला लागले. एका झेक तरुणाने अधिकृत डिस्क, इतर प्रती आणि जुन्या प्रिंटचे नमुने समोर ठेवून चित्र चित्राला जुळवीत मूळ आवृत्ती घरच्या संगणकावर बांधली. दुसऱ्या एका गटाने तर १९७७ सालची टेक्निकलर प्रतच मिळवली. अमेरिकेतील टेक्निकलरची ठशाची छपाई तोवर बंद पडली होती, पण लंडनच्या कारखान्यात ती आणखी एखादे वर्ष चालणार होती. त्यामुळे न विटणाऱ्या रंगांच्या काही प्रती जगात उरल्या होत्या. मंडळींनी ती प्रत यंत्रावर चढवून एकेक चित्र टिपले, धूळ-ओरखडे काढले. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चित्रे असतात, एवढे सांगितले की पुरे. यात पैसा नाही. उलट कायद्याचा बडगा डोक्यावर. म्हणून अधिकृत प्रत विकत घेतल्याखेरीज आमची प्रत पाहू नका, असा दंडक यांतल्या पुष्कळांनी स्वतःवर आणि इतरांवर घालून घेतला आहे.

परंतु मूळ रंग म्हणजे नेमका कोणता? येथे भल्याभल्यांची मती गुंग होते. त्याच फिल्मीची प्रत एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेली की रंग बदले. कार्बनच्या कांड्या जाळून पडणारा उजेड वेगळा, झेनॉनच्या दिव्याचा वेगळा. जत्रेतल्या तंबूत, दहा गावे फिरून आलेल्या प्रतीवर, ऑपरेटरने कांडी वाचवण्यासाठी उजेड मंद ठेवला असेल, तर मराठवाड्याच्या प्रेक्षकाने पाहिलेले रंग मुंबईच्या प्रेक्षकाने पाहिलेच नाहीत. बरे, दिग्दर्शकाला विचारावे, तर तोही बदललेला असतो. 'फ्रेंच कनेक्शन' (१९७१) या चित्रपटाची नवी डिस्क २००९ मध्ये निघाली तेव्हा दिग्दर्शकाने रंग असे फिके-निळसर करून टाकले की, त्याच चित्रपटाच्या छायाचित्रकाराने जाहीर संताप व्यक्त केला. काही वर्षांत पूर्वीच्या वळणाची डिस्क काढावी लागली. आई आणि बाप दोघेही तेव्हा हयात होते, आणि मुलाच्या वर्णाबद्दल भांडण!

माझ्या मते उत्तर सोपे नसले तरी रस्ता सरळ आहे. त्या काळात छापलेली आणि न विटलेली प्रत हा पुरावा. आठवण हा पुरावा नव्हे, आणि आजची आवड तर मुळीच नव्हे. 'मुघल-ए-आझम' (१९६०) चा काही भागच रंगीत होता. २००४ मध्ये उरलेला भाग संगणकाने रंगवला. लोकांनी तो आवडीने पाहिला, मीही पाहिला. पण ते नवे लुगडे नेसवणे झाले. हौशी मंडळी करतात ते जुन्या लुगड्याचा मूळ रंग धुऊन काढण्याचे काम.

या बाबतीत शिकायचे तर आपल्याला हॉलिवूडला जाण्याचे कारण नाही. सिल्लोडवरून अजिंठ्याला जावे. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्या बहुतेक जळाल्या. मग ग्रिफिथ्सने मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी नेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ आणवले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला धरून ठेवला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर लाखेचा थर दिला. तो थर कालांतराने पिवळा-काळा पडला, आणि दोन पिढ्यांनी त्या पिवळेपणालाच अजिंठ्याची प्राचीन छटा मानून त्यावर रसाळ लेख लिहिले! पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तो थर उतरवण्यात पुढे किती वर्षे खर्ची घालावी लागली. हौशी संगणकवाल्याचे एक बरे आहे, त्याची चूक मूळ वस्तूला लागत नाही. त्याने रंग बिघडवला तरी डब्यातली फिल्म जशीच्या तशी. दुसऱ्याने पुन्हा आरंभ करावा. मात्र डब्यात फिल्म असली पाहिजे.

आणि आपल्याकडे गाडे तेथेच अडते. सोहराब मोदींनी १९५३ साली 'झाँसी की रानी' काढला. आपल्या तांब्यांच्या मनूची ही कथा, भारतातला पहिला टेक्निकलर चित्रपट. कॅमेऱ्यामागे 'गॉन विथ द विंड'चा छायाचित्रकार अर्नेस्ट हॅलर. पैसा पाण्यासारखा ओतला, पण चित्रपट चालला नाही. आज घरोघरी पोचलेली हिंदी प्रत पाहाल तर ती काळीपांढरी! १९५६ साली परदेशात दाखवलेली इंग्रजी आवृत्ती, 'द टायगर अँड द फ्लेम', ही मात्र रंगीत आहे. इंग्रजीच्या रंगीत चित्रांवर हिंदीचा आवाज चढवून आणि दृश्यांची लांबी जुळवून त्या राणीला तिचे रंग देणे, हे हौशी माणसाच्या आटोक्यातले काम आहे. कायदाही आड येत नाही. आपल्या देशात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे हा चित्रपट २०१३ अखेर सर्वांचा झाला. 'झनक झनक'ही २०१५ अखेर मोकळा झाला, 'नवरंग' २०१९ अखेर.

'पिंजरा' (१९७२) ची गोष्ट वेगळी. त्याचा हक्क २०३२ अखेरपर्यंत मालकांकडे आहे, आणि २०१६ मध्ये त्यांनी तो नव्या डिजिटल रूपात चित्रपटगृहांत आणला, हे चांगले झाले. परंतु शांताराम १९९० सालीच गेले. तमाशाच्या फडावरील संध्याबाईंच्या शालूचा लाल नेमका किती गडद, हे आता कोणाला विचारणार? तो टेक्निकलरच्या ठशाने छापलेला नाही. त्याच्या जुन्या प्रती विटण्याच्या जातीच्या. तेव्हा वेळेवर छापलेली आणि थंड जागी राहिलेली एखादी प्रत जितकी लवकर सापडेल तितके बरे.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, गोदामे धुंडाळून तेथे डबे गोळा केले. तरी जानेवारी २००३ मध्ये, जुन्या प्रभातच्याच आवारात, नायट्रेट फिल्मींच्या कोठीला आग लागून मोठा ठेवा गेला. जे उरले ते सगळे पुण्यात आहे असेही नाही. बंद पडलेल्या चित्रपटगृहांचे माळे, टुरिंग टॉकीजवाल्यांची गोदामे, वितरकांच्या वारसांची घरे, यांत अजूनही डबे निघतात. कोणाच्या माळ्यावर असा डबा असेल तर त्याने तो उघडून आधी वास घ्यावा. शिरक्यासारखा आंबूस वास आला तर फिल्म कुजू लागली आहे. तो डबा लगेच इतरांपासून दूर, कोरड्या व थंड जागी ठेवावा. फीत उलगडून उन्हात धरू नये, पुसू नये, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी फाडू नये, कारण चित्रपटाचे नाव, रिळाचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचे नाव पुष्कळदा तेवढ्यावरच असते. आणि फिल्मीच्या कडेला, छिद्रांच्या बाजूने, बारीक अक्षरांत कंपनीचे नाव व काही खुणा छापलेल्या असतात. भिंगाने त्या वाचून कागदावर उतरवाव्यात आणि पुण्याला कळवावे. फिल्म कोणत्या साली बनली आणि तिचे रंग किती टिकले असतील, हे जाणकाराला त्या खुणांवरून सांगता येते.