घोड्यांतील पेनिसिलिन : शोषण व उत्सर्जन

घोड्याला टोचलेले पेनिसिलिन रक्तात किती वेगाने उतरते व किती काळ टिकते, हे त्याच्या क्षारावर आणि टोचण्याच्या जागेवर ठरते. सोडियम व पोटॅशियम पेनिसिलिन पाण्यात सहज विरघळतात. ते शिरेतून देतात. रक्तातील त्यांची पातळी साधारण तासाभरात निम्म्यावर येते, कारण मूत्रपिंडातील नलिका हे औषध झपाट्याने रक्तातून खेचून, बहुतांशी मूळ रूपातच, लघवीत सोडतात. म्हणून मात्रा दर सहा तासांनी द्यावी लागते.

प्रोकेन पेनिसिलिनचे तसे नाही. हे कमी विरघळणारे स्फटिक स्नायूत साठून राहतात आणि तेथून थोडेथोडे रक्तात झिरपतात. मूत्रपिंडांचा वेग तोच असतो. पण साठ्यातून औषध सुटण्याचा वेग त्याहून मंद असल्याने रक्तातील पातळी किती टिकणार, हे साठाच ठरवतो. त्यामुळे दर किलो वजनामागे २२,००० युनिट दिवसातून दोनदा पुरतात. पेनिसिलिनचा परिणाम पातळीच्या उंचीपेक्षा ती जंतूंना रोखण्याइतकी किती वेळ राहते यावर अवलंबून असल्याने हा संथपणा येथे गुणच ठरतो. मानेच्या स्नायूतून शोषण पुठ्ठ्यातल्यापेक्षा चांगले होते. पुठ्ठ्यात गळू झाल्यास त्याचा निचरा होणेही कठीण, म्हणून मानेलाच पसंती द्यावी.

धोका प्रोकेनचा आहे. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर ते एकदम मेंदूपर्यंत पोहोचते. घोडा बिथरतो, उधळतो, कोसळतो, क्वचित दगावतोही. उष्णतेने औषधातील मोकळे प्रोकेन वाढते, म्हणून बाटली थंड ठेवावी आणि टोचण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही याची खात्री करावी. ही काळजी प्रत्येक वेळी, प्रत्येक नव्या जागी घ्यावी.

जेंटामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची रीत पेनिसिलिनच्या उलटी आहे. त्याला रक्तातील उंच शिखर हवे असते, म्हणून प्रौढ घोड्याला दर किलोमागे ६.६ मिलिग्रॅम शिरेतून दिवसातून एकदाच देतात. तेही मूत्रपिंडांतूनच बाहेर पडते, मात्र गाळले जाऊन. आणि त्याच मूत्रपिंडांना इजाही करू शकते. शरीरात पाणी कमी पडलेल्या घोड्याला ते देण्याआधी द्रव भरून काढणे आवश्यक आहे. नवजात शिंगराच्या शरीरात पाण्याचे प्रमाण जास्त असल्याने त्याला दर किलोमागे मात्रा अधिक लागते.

प्रोकेन हे स्थानिक भूल देणारे द्रव्य असल्याने शर्यतींत निषिद्ध आहे. पेनिसिलिनचा परिणाम संपल्यावरही ते कित्येक दिवस लघवीत सापडते. म्हणून शर्यतीच्या घोड्याला प्रोकेन पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्यापूर्वी शर्यतीची तारीख पशुवैद्याला सांगावी.