पराभवानंतर कोणाला बदलावे?

भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दला वैनगंगेवर मोठे धरण आहे. पावसाळ्यात त्याचे ३३ दरवाजे उघडले, की पाणी पाहायला माणसे जमतात. एखाद्या वर्षी धरणात पाणी कमी असले, तर दरवाजे उघडणाऱ्याला कोणी बोल लावीत नाही; पाऊस किती झाला, हेच विचारतात. खेळात मात्र हा साधा विवेक आपल्याला सुचत नाही. संघ हरू लागला, की पहिली मागणी येते ती प्रशिक्षकाला घालवा, अशी.

भारतीय फुटबॉलने अलीकडे हेच केले. जून २०२४ मध्ये इगोर स्टिमाच यांना काढले. मागून मानोलो मार्केझ आले आणि वर्षभरात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. आयझॉलसारख्या लहानशा क्लबला २०१७ साली आय-लीग जिंकून देणारे हे गृहस्थ. त्यांच्या योग्यतेविषयी शंका नव्हती. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावला सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले.

अशा वेळी सय्यद अब्दुल रहीम आठवतात. हैदराबादचे हे शाळामास्तर. त्यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून सलग पाच वर्षे जिंकला. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच हाताखालील भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे धुऊन काढले. आजचे दिवस असते, तर संध्याकाळच्या आत राजीनामा मागितला गेला असता. वस्तुतः आपले बरेच खेळाडू थंडीत अनवाणी खेळत होते आणि समोरचा संघ पुढे रौप्यपदक मिळविणारा होता. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. मूळ दुखण्यावर औषध पडले, ते असे.

मधल्या काही स्पर्धांत संघ इतरांच्या हाती होता. तथापि १९५६ ला मेलबर्नला पुन्हा रहीमच होते. तेथे मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला.

१९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरविले. रहीम तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते. पुढे बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले, तेव्हा त्याला बसवून न ठेवता त्यांनी आघाडीला खेळविले. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया समोर आला. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, दुसरा जर्नेलने. भारत २-१ ने जिंकला. ११ जून १९६३ रोजी रहीम वारले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही.

मग प्रशिक्षक कधीच बदलू नये काय? तसे नव्हे. खेळाडू ज्याचे ऐकेनासे झाले, किंवा जो कालच्या पराभवातून काहीच शिकला नाही, त्याला निरोप द्यावाच. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपण त्याच्या हाती काय दिले होते? मैदाने, मुलांच्या स्पर्धा, चांगले क्लब हाच खेळाचा पाऊस. तोच पडला नसेल, तर दरवाजावरचा माणूस बदलून धरण भरत नाही.